पुन्हा वजा करा : कापरेकरांच्या ६१७४ चं रसग्रहण

चार अंकी कोणतीही संख्या घ्या. चारही अंक सारखे नकोत, एवढीच अट. ते अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्याखाली चढत्या क्रमाने मांडा आणि वजाबाकी करा. आलेल्या उत्तराचे अंक पुन्हा तसेच मांडा आणि पुन्हा वजा करा. फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ येतात, आणि एकदा आले की हलत नाहीत : ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४. देवळालीच्या शाळेत गणित शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांना ही गंमत १९४६ साली सापडली. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ती मांडली आणि १९५५ साली ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकात ती छापून आली. वैज्ञानिक प्रतिभेत कल्पनेचा वाटा किती आणि ज्ञानाचा किती, हा वाद जुना आहे. आइनस्टाइन-न्यूटन यांची नावं घेऊन तो घालायला लागलं, की आपल्याला पुढचं काही तपासता येत नाही, नुसतं ऐकून घ्यावं लागतं. कापरेकरांची कृती मात्र पाटीवर मावते. तिथे कल्पना कुठे संपली आणि ज्ञान कुठे सुरू झालं, ते स्वतःच्या हाताने करून बघता येतं.

उदाहरणासाठी अंबरनाथला जाऊ. वालधुनीकाठच्या शिवमंदिरातल्या शिलालेखात शके ९८२ हे साल आहे. शिलाहार राजा मामवाणीचा तो काळ, इसवी सनाच्या हिशेबाने १०६०. आधी १०६० घेऊ. उतरत्या क्रमाने ६१००, चढत्या क्रमाने ००१६, वजाबाकी ६०८४. पुढे ८६४० वजा ०४६८, आले ८१७२. मग ८७२१ वजा १२७८, ७४४३. मग ७४४३ वजा ३४४७, ३९९६. मग ९९६३ वजा ३६९९, ६२६४. मग ६६४२ वजा २४६६, ४१७६. आणि सातव्या खेपेला ७६४१ वजा १४६७, ६१७४.

आता त्याच वर्षाचा शक घ्या. ९८२ मध्ये तीनच अंक, म्हणून डावीकडे शून्य लिहू : ०९८२. पहिली वजाबाकी ९८२० वजा ०२८९, ९५३१. दुसरी ९५३१ वजा १३५९, ८१७२. ही संख्या मघाशी येऊन गेली आहे, आणि तीही दुसऱ्याच वजाबाकीला. कसाऱ्याची आणि कर्जतची गाडी कल्याणला एकत्र यावी, तशा शालिवाहन शकाच्या आणि इसवी सनाच्या वाटा ८१७२ वर एकत्र येतात. तिथून पुढे एकच मार्ग : ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४.

शेजारचं उल्हासनगर घ्या. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांना कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी छावणीत जागा मिळाली. त्या वसाहतीला १९४९ च्या ऑगस्टमध्ये उल्हासनगर हे नाव दिलं गेलं. लोक मात्र अजूनही पत्ता सांगतात तो कॅम्प नंबर एक, कॅम्प नंबर चार असाच. १९४९ ची वाट वेगळी आहे : ८४४२, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि ६१७४. इथेही वजाबाक्या सात. कल्याणपर्यंत रेल्वे आली ते १८५४ हे साल मात्र घाईत आहे : ७०८३, ८३५२, ६१७४. तिसऱ्या वजाबाकीला काम संपलं.

इतिहासाने या आकड्यांत काही दडवून ठेवलंय, असं मात्र कोणी समजू नये. चारही अंक सारखे असलेल्या दहा संख्या सोडल्या, तर ०००१ पासून ९९९८ पर्यंत एकूण ९९९० संख्या उरतात. त्यांपैकी २१८४ संख्यांना सात वजाबाक्या लागतात, म्हणजे पाचातल्या एकीहून जास्त. तेव्हा सात येणं नवलाचं नाही. नवल आहे ते नियमात, म्हणून आता तोच जवळून पाहू.

या नियमात कापरेकरांचे तीन निर्णय आहेत. पहिला निर्णय अंक क्रमाने लावण्याचा. संख्येतला अंकांचा मूळ क्रम त्यांनी पुसून टाकला. १०६०, ६०१०, ०१०६ या सगळ्या त्यांच्या दृष्टीने एकच. हिशेब करणाऱ्या माणसाला हे सुचणं अवघड आहे, कारण हिशेबात अंकाची जागा म्हणजेच त्याची किंमत. एकक-दशकाची ती शिस्त मोडायची आणि तरीही वजाबाकी करताना तीच शिस्त पाळायची, अशी ही दुहेरी चाल आहे.

दुसरा निर्णय शून्याचा. २१११ घेऊन बघा. २१११ वजा १११२, उत्तर ९९९. इथे डावीकडचं शून्य टाकून दिलं, तर पुढची वजाबाकी ९९९ वजा ९९९, उत्तर शून्य, आणि खेळ तिथेच आटोपतो. पण ते ०९९९ असं लिहिलं, की पुढे ९९९० वजा ०९९९, ८९९१. मग ८०८२, मग ८५३२, मग ६१७४. डावीकडच्या शून्याला किंमत नाही, असं आपण मुलांना शिकवतो. कापरेकरांनी किंमत नसलेल्या त्या शून्याला जागा दिली, आणि सगळी रचना त्या जागेवर उभी राहिली.

तिसरा निर्णय सर्वांत मोठा, तो ‘पुन्हा’ करण्याचा. वजाबाकी संपली की उत्तर येतं, उत्तराखाली दोन रेघा मारायच्या आणि पुढचं उदाहरण घ्यायचं, अशी आपली सवय. उत्तर म्हणजे शेवट. कापरेकरांनी उत्तरालाच नवं उदाहरण केलं. यासाठी लागलेलं ज्ञान तिसरी-चौथीतलं आहे. ते त्यांच्याआधी कोट्यवधी माणसांकडे होतं, आणि आलेल्या उत्तराचे अंक पुन्हा मांडून वजाबाकी करायला कोणाची मनाई नव्हती. तरीही ६१७४ या संख्येला ज्याचं नाव मिळालं, तो देवळालीचा शाळामास्तर होता. या कृतीत कल्पनाशक्ती नेमकी कुठे आहे असं विचाराल, तर ती या ‘पुन्हा’त आहे.

पण रसग्रहण इथे थांबवणं म्हणजे नुसतं ‘वा!’ म्हणून उठणं. असं का होतं, हे विचारलंच पाहिजे, आणि त्याचं उत्तर ज्ञान देतं. उतरत्या क्रमाने लावलेल्या अंकांना क, ख, ग, घ म्हणा. उलट क्रमाची संख्या त्यातून वजा केली, की उत्तर येतं ते असं : ९९९ गुणिले क आणि घ यांतला फरक, अधिक ९० गुणिले ख आणि ग यांतला फरक. मूळ अंक कोणते होते याच्याशी पुढे काही देणंघेणं राहत नाही. बाहेरच्या दोन अंकांतला फरक आणि आतल्या दोन अंकांतला फरक, या दोनच गोष्टी उरतात. पहिला फरक १ ते ९ यांपैकी काहीही असेल, दुसरा शून्यापासून पहिल्या फरकाएवढा. अशा जोड्या मोजल्या तर भरतात ५४. म्हणजे ९९९० संख्यांची ही गर्दी पहिल्याच वजाबाकीत ५४ संख्यांवर येते. त्या सगळ्या नवाने भागल्या जाणाऱ्या. पुढे कागद-पेन्सिल घेऊन चोपन्नच्या चोपन्न तपासल्या की झालं. एका संध्याकाळचं काम.

१०६० चा बाहेरचा फरक ६, आतला १, म्हणून ५९९४ अधिक ९०, उत्तर ६०८४. आता खुद्द ६१७४ कडे बघा. अंक ७, ६, ४, १. बाहेरचा फरक ६, आतला २. ९९९ गुणिले ६ म्हणजे ५९९४, ९० गुणिले २ म्हणजे १८०, बेरीज ६१७४. ज्या फरकांतून ती तयार होते, तेच फरक तिच्या अंकांत आहेत. म्हणून ती हलत नाही. गूढ उकललं, पण गोडी गेली नाही, उलट दुणावली. आधी नुसतंच चकित झालेलं मन आता जाणतेपणाने चकित होतं. ज्ञान आलं की सौंदर्य पळतं, असं म्हणणाऱ्यांनी या ५४ जोड्यांची यादी एकदा स्वतः करावी.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. तिथे असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. गणितात पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतलं नाही. १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं देवळालीत शिक्षकी केली. पुष्कळसं लेखन त्यांनी स्वतःच छापून काढलं, आणि देशातल्या विद्वान गणित्यांनी बराच काळ ते मनावर घेतलं नाही. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं, तेव्हा जगाला त्यांचं नाव कळलं. त्यानंतर अकरा वर्षांनी, १९८६ साली ते वारले.

त्यांची प्रतिभा कशी चालायची, हे पाहायला आणखी एक कृती आहे. ५५ चा वर्ग ३०२५. त्याचे दोन तुकडे करा, ३० आणि २५, आणि बेरीज करा : पुन्हा ५५. ही गोष्ट इंग्लंडचे कोडेकार हेन्री ड्यूडनी यांनी १९१७ साली आपल्या पुस्तकात घातली होती. ३०२५ आकडा लिहिलेली चिठ्ठी मधोमध फाटते, तिच्यावरून कोडं : असाच दुसरा आकडा शोधा, पण त्यात कोणताही अंक दोनदा नको. उत्तर ९८०१, कारण ९८ अधिक ०१ म्हणजे ९९, आणि ९९ चा वर्ग ९८०१. कोडं सुटलं, पान उलटलं. कापरेकरांनी याच गुणाची अख्खी बिरादरी गोळा केली. ४५ चा वर्ग २०२५, वीस अधिक पंचवीस पंचेचाळीस. २९७ चा वर्ग ८८२०९, ८८ अधिक २०९, पुन्हा २९७. ७०३ चा वर्ग ४९४२०९, ४९४ अधिक २०९, पुन्हा ७०३. आज जगभर यांना कापरेकर संख्या म्हणतात. ड्यूडनींना एक गंमत दिसली, कापरेकरांना त्या गंमतीमागची जात दिसली. दोघांचं ज्ञान तेवढंच, फरक कल्पनेचा. एका आंब्यावर समाधान मानायचं की झाड शोधायचं, हा फरक म्हणा हवं तर.

बदलापूर-अंबरनाथच्या वाचकाला जवळची वाटेल अशी त्यांची तिसरी निर्मिती म्हणजे डेमलो संख्या. मुंबईपासून तीस मैलांवर, तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेच्या एका स्टेशनवर कापरेकरांना या संख्यांची कल्पना सुचली आणि त्या स्टेशनचंच नाव त्यांनी संख्यांना दिलं. डेमलो म्हणजे आजची डोंबिवली. बदलापूरहून गाडी सुटली की अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी, कल्याण, ठाकुर्ली, आणि मग हे स्टेशन. फलाटावर गाडीची वाट पाहणाऱ्या लाखोंपैकी कितीजणांना ठाऊक असेल, की गणितातल्या संख्यांच्या एका कुळाला आपल्या स्टेशनचं नाव आहे? १९३८ साली ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’मध्ये या संख्यांवर त्यांचा लेख आला.

त्यांतल्या सर्वांत देखण्या अशा : १, १२१, १२३२१, १२३४३२१. एककांच्या माळेचा वर्ग केला की त्या मिळतात. ११११ ला ११११ ने गुणताना पाटीवर काय होतं ते आठवा. ११११ च्या चार ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उभी घरं मोजली तर उजवीकडून एक, दोन, तीन, चार आणि मग पुन्हा तीन, दोन, एक. बेरीज करण्याआधीच उत्तर डोळ्यांना दिसतं. शिवाय उत्तराच्या अंकांची बेरीज १६, कारण चार ओळींत चार-चार एकक आहेत. नऊ एककांपर्यंत हे सुरळीत चालतं : १२३४५६७८९८७६५४३२१. दहाव्या एककाला मधल्या घरात दहा जमतात. शून्य लिहून हातचा एक. डावीकडच्या घरात नऊ होते, ते दहा झाले, पुन्हा शून्य आणि हातचा एक. त्याच्याही डावीकडचे आठ नऊ होऊन बसतात. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा ८ गायब आणि माथ्यावर दोन शून्यं. मला डेमलो संख्यांत हीच जागा सर्वांत आवडते. नऊपर्यंतची नक्षी कोणालाही मोहवील. पण नक्षी कुठे मोडते आणि हातच्यामुळेच का मोडते, हे ज्याला पाहावंसं वाटतं, तो गणिताच्या उंबऱ्याच्या आत आला.

आता विरोधी पक्षाचं म्हणणं. रामानुजनना केंब्रिजला नेणारे जी. एच. हार्डी यांनी १९४० च्या आपल्या छोट्या पुस्तकात असल्या चमत्कृतींना नाक मुरडलं आहे. ९८०१ ही १०८९ ची नऊपट, म्हणजे स्वतःच्याच उलट्या संख्येची पट. असली माहिती कोड्यांच्या सदरात शोभते, गणित्याला तिच्यात राम वाटत नाही, असा त्यांचा सूर. ड्यूडनींच्या कोड्याचं उत्तर असलेली ९८०१ इथे आरोपीच्या पिंजऱ्यात आली, हा योगायोग. हार्डींपुढे तेव्हा ६१७४ नव्हती, पण असती तरी आक्षेप तोच राहिला असता, आणि तो खोटा नाही. ६१७४ हा दहा अंकांत संख्या लिहिण्याच्या आपल्या पद्धतीचा गुण आहे. दुसऱ्या पायात संख्या लिहिल्या तर तो राहत नाही. दोन अंकी संख्या घेतल्या तर त्या ९, ८१, ६३, २७, ४५ या फेऱ्यात फिरत राहतात. पाच अंकी संख्याही एका जागी स्थिरावत नाहीत. मूळ संख्यांविषयीचं एखादं प्रमेय असं पद्धतीवर अवलंबून नसतं. ते खोल असतं, आणि त्याच्या पोटातून दुसरी प्रमेयं निघतात. ६१७४ च्या पोटातून तसं फारसं निघालं नाही.

तरीही हार्डींना त्यांचीच एक आठवण सांगावीशी वाटते. आजारी रामानुजनना भेटायला गेले तेव्हा आपल्या टॅक्सीचा १७२९ हा नंबर त्यांनी रूक्ष म्हणून सांगितला, आणि दोन घनांची बेरीज म्हणून दोन प्रकारे लिहिता येणारी ती सर्वांत लहान संख्या आहे, हे रामानुजननी अंथरुणातूनच सांगितलं. रूक्ष काय आणि रसाळ काय, हे ठरवण्यात हार्डींसारखा जाणकारही चुकतो. गंमत म्हणून १७२९ ला कापरेकरांच्या नियमातून नेऊन पाहा. ९७२१ वजा १२७९, ८४४२. पहिल्याच वजाबाकीला हार्डींची टॅक्सी १९४९ च्या, म्हणजे उल्हासनगरच्या रस्त्याला लागते.

कल्पना ज्ञानाहून मोठी, हे मत आइनस्टाइन यांनी १९२९ च्या एका मुलाखतीत दिलं आणि तेव्हापासून ते शाळांच्या भिंतींवर रंगवलं जातं. त्याच आइनस्टाइन यांना वक्र अवकाशाची कल्पना सुचल्यावर, ती मांडायला लागणारं रीमनचं गणित आपल्याला येत नाही, हे कळलं, आणि १९१२ साली झुरिकला ते वर्गमित्र मार्सेल ग्रॉसमान यांच्याकडे गेले. व्यापक सापेक्षता पुरी झाली १९१५ साली. मधली तीन वर्षं ज्ञानाची होती. रामानुजन यांनाही कार यांच्या पुस्तकातल्या हजारो सूत्रांचं ज्ञान आधी मिळालं होतं, आणि पुढे हार्डी मिळाले. भिंतीवरच्या वाक्यात ही बाजू येत नाही. मुलांना मात्र ती सांगितली पाहिजे.

माझा निवाडा असा. कोणता प्रश्न विचारायचा, हे कल्पना ठरवते. तो प्रश्न किती दूर नेता येईल, हे ज्ञान ठरवतं. पहिल्या कसोटीला कापरेकर अव्वल उतरतात. चौथीच्या वजाबाकीतून त्यांनी असा प्रश्न काढला, जो त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त शिकलेल्यांना सुचला नाही. दुसऱ्या कसोटीला ते रामानुजन यांच्या पंक्तीत बसत नाहीत, आणि त्यांना ओढूनताणून तिथे बसवण्यात त्यांचा मान नाही. त्यांची प्रतिभा अस्सल होती, आवाका लहान होता. पण त्या आवाक्यात त्यांनी केलेलं काम निर्दोष आणि पूर्ण आहे. साहित्यातही आपण अभंगाला महाकाव्याच्या गजाने मोजत नाही.

अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरच्या शाळांतल्या गणिताच्या बाईंना आणि सरांना एक विनंती. वजाबाकीचा पाठ झाला की एक तास कापरेकरांना द्या. मुलांना आपापल्या जन्मसालापासून सुरुवात करू द्या. चारही अंक सारखे असलेलं साल त्यांत कोणाचंच निघणार नाही. फळ्यावर फक्त नियम लिहा, ६१७४ लिहू नका. वर्गातल्या चाळीस वह्या एकाच आकड्यावर येऊन थांबतील तेव्हा ‘असं का?’ हा प्रश्न मुलंच विचारतील. मग त्यांना दोन फरकांचं सूत्र सांगा आणि ५४ जोड्या वाटून द्या. तीन अंकी संख्याही अशाच एका संख्येवर येऊन थांबतात. ती इथे मुद्दाम लिहिलेली नाही. वाचकहो, कागद घ्या, सहा वजाबाक्यांच्या आत ती हाती येते.